पहिला उपास

हौशीरामने चहाचा कप हातात घेतला आणि नेहमीसारखी मान लववून म्हणाला, "धन्यवाद, शालन." शालनच्या मनात आलं, हातातली सांडशी ह्याच्या टाळक्यात घालावी. एकदाच, पण सणसणीत. कवटीचा आवाज यावा आणि रक्त उडावं ते थेट कॅलेंडरवर, जिथं खांद्यावर मेंढरू घेतलेल्या प्रभूचं चित्र होतं आणि खाली महिन्याचं वचन छापलेलं होतं. दुधाची पिशवी संपलीय हे मनात यावं तितक्या सहज हे आलं, आणि त्या सहजपणाचंच तिला भय वाटलं. तिनं सांडशी खिळ्याला अडकवली आणि ओटा पुसायला घेतला. हौशीराम बशीत चहा ओतून फुर्रफुर्र पीत होता. त्याला काय पत्ता! नऊ वर्षं झाली, हा माणूस चहाला धन्यवाद म्हणतो, भाकरीला म्हणतो, हातात टॉवेल दिला तर म्हणतो आणि टॉवेल स्वतःच घेतला तरी सवयीनं म्हणून मोकळा होतो. सुदुंबऱ्याच्या भावकीत ह्याची केवढी चेष्टा झाली होती. मावळातला गडी आणि बायकोला धन्यवाद म्हणतो, हौश्याला बायकोनं काय चारलं म्हणायचं, असं चुलत्यानं कुणाच्या तरी लग्नात भर मांडवात विचारलं होतं आणि सगळा मांडव खदखदून हसला होता. हौशीरामही हसला होता. शालन तेवढी हसली नव्हती. चारण्यावरून केलेला विनोद तिला सोसत नसे, आणि का सोसत नसे ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

कप खाली ठेवून त्यानं आजचा बेत सांगितला. आज रविवार. प्रार्थनेला पुण्याहून पाहुणे येणार होते आणि ते त्याच्या साक्षीचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करून सगळीकडे पाठवणार होते. साक्ष म्हणजे मंडळीपुढं उभं राहून आपण आधी कोण होतो आणि प्रभूनं आपलं काय केलं ते सांगायचं. हौशीरामची साक्ष नावाजलेली. तळेगावला झाली, कामशेतला झाली, एकदा तर खोपोलीहून गाडी पाठवून त्याला नेलं होतं. "तू पुढं बस," तो म्हणाला. "शेवटाला तुला बी दाखवणारेत. नुसती हुबी ऱ्हा, हात जोड. बोलायचं काय न्हाई." एवढं बोलून त्यानं दोरीवरचा शर्ट ओढायला हात वर केला, आणि शालनची मान खांद्यांत गेली. आपोआप गेली. डोळे मिटले, डावा खांदा कानापर्यंत चढला, पोट आत ओढलं गेलं. हौशीरामनं शर्ट झटकला, अंगात घातला आणि गुंड्या लावत बाहेर पडला. त्यानं पाहिलंसुद्धा नाही. नऊ वर्षांत त्यानं तिला बोट लावलं नव्हतं हे सगळ्या मंडळीला माहीत होतं, फक्त तिच्या मानेला कुणी कळवलं नव्हतं. ती जरा वेळ ओट्याला टेकून उभी राहिली आणि मग साडी बदलायला आत गेली.

शालनचं दुखणं काय, हे तिनं कुणाला सांगितलं असतं तर तिलाच वेडी ठरवलं असतं. दुखणं एवढंच, की हा माणूस खरंच बदललाय का नाही हे तिला ठाऊक नव्हतं. बाकी सगळ्या जगाला ठाऊक होतं. पास्टर बाजीराव, जे पूर्वी रेल्वेत गँगमन होते आणि अजूनही रुळांवरून हाक मारल्यासारखे बोलायचे, ते म्हणायचे की शांती बघायची असेल तर हौशीरामच्या घरी जाऊन बघा. तुंगार्लीच्या ज्या बंगल्यावर तो केअरटेकर होता आणि ती पाहुणे आले की त्यांचा स्वयंपाक करायची, तिथं मागच्या महिन्यात एका झिंगलेल्या पाहुण्यानं हौशीरामच्या थोबाडीत मारली. कारण काय, तर पोहायच्या टाकीतलं पाणी गार. हा गालावर हात ठेवून म्हणाला, साहेब, ते गारच असतं. शालन स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर म्हणाला असता, केवढी ही सहनशक्ती! शालनला नाही तसं वाटलं. पूर्वी कंपनीत सुपरवायझरनं आईवरून शिवी दिली तरी हौशीराम खाली मान घालून ऐकायचा, आणि ती शिवी घरी आणून हिच्या पाठीत उतरवायचा. वरच्याचं ऐकून घ्यायला त्याला कधीच प्रभू लागला नव्हता. खालच्याचं ऐकून घेतो का, हा सवाल होता, आणि खालची म्हणजे शालन. तिनं नऊ वर्षांत त्याला एकदा तरी उलट उत्तर दिलं होतं का? एकदा तरी म्हणाली होती का, की मला नाही पटत? ती दार हळू लोटायची, भांडं पडू द्यायची नाही, फोनवर हसू आलं तर पदर तोंडाला लावायची, त्याच्या चपला त्याच्या पायांच्या दिशेनं वळवून ठेवायची. राग यायला जागाच ठेवली नाही, मग राग गेला हे म्हणायचं कशावरून? आणि तो राग म्हणे प्रभूनं काढून घेतला. काढून कुठं ठेवला ते शालनला विचारा. विळीवर काकडी धरली की तिला त्याचं बोट दिसायचं. बाप्तिस्मा तिनंही घेतला होता, प्रार्थना तीही रोज म्हणायची, पण प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की तिला नेमका खोकला यायचा. खोकला संपेपर्यंत ओळ पुढं गेलेली असायची.

दहा वाजता दोघं निघाली. वलवणच्या धरणाच्या कडेनं रस्ता पर्यटकांच्या गाड्यांनी भरला होता. हौशीराम दोन पावलं पुढं, बायबल प्लास्टिकच्या पिशवीत घालून काखेत धरलेलं, दिसेल त्याला नमस्कार करत चाललेला. कणसंवाल्या बाईलाही नमस्कार, हॉर्न मारून अंगावर चिखल उडवणाऱ्या गाडीलाही नमस्कार. शालन त्याच्या पाठीकडं बघत चालली होती. पाठ आता जरा वाकली होती, मानेवरचे केस पांढरे झाले होते. पण त्या पाठीच्या आतला माणूस तिला पाठ होता. कंपनीतून त्यानं एक तुटका फॅनबेल्ट आणला होता, काळा, बोटभर जाड. मारण्याआधी तो बादलीत बुडवायचा. ओला केला की आवाज कमी येतो आणि लागतं जास्त, हे त्याला कुणी शिकवलं होतं देव जाणे. मार चुकवायला ती कोपऱ्यात गेली की तो केसांना धरून डोकं चौकटीवर आपटायचा, एकदा, दोनदा, चौकट खिळखिळी होईपर्यंत. डाव्या कानात तेव्हापासून शिट्टी वाजते ती अजून थांबलेली नाही. करंगळी त्यानं टाचेखाली धरून फिरवली होती, विडी विझवावी तशी, आणि ती तशीच वाकडी जुळली. त्या वेळी आरती, त्यांची एकुलती एक, बाजेखाली बसून मोठमोठ्यानं पाढे म्हणायची. आईचं ओरडणं ऐकू येऊ नये म्हणून बे एके बे, बे दुणे चार. तेरापर्यंत पाढे तिचे असे पाठ झाले. आता ती पिंपरीला दवाखान्यात नर्स आहे, बापाशी कामापुरतं बोलते. गेल्या वर्षी तिनं फोनवर विचारलं होतं, आई, तू बाबांना माफ कसं काय केलंस? शालन म्हणाली होती, गॅसवर दूध आहे, ठेव. गॅसवर काही नव्हतं. आज ते रेकॉर्डिंग आरतीच्या मोबाइलवरही जाणार, ती आपल्या आईला हात जोडून उभी राहिलेली बघणार, हे शालनला धरणाच्या भिंतीपाशी आल्यावर सुचलं.

प्रार्थना पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. पन्नासेक माणसं, बाया एका बाजूला सतरंजीवर, गडी दुसऱ्या बाजूला. पुढं टेबलावर पांढऱ्या कापडाखाली भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे इवलेसे कप झाकून ठेवलेले, कारण महिन्याचा पहिला रविवार म्हणजे प्रभुभोजन. त्या आधी पास्टर बाजीराव दर वेळी सांगायचे, ज्याच्या मनात कुणाबद्दल अढी असेल त्यानं आधी उठावं, ती मिटवून यावं, मगच हात पुढं करावा. शालननं नऊ वर्षं अढी पोटात ठेवून हात पुढं केला होता. तुकडा दर वेळी घशात अडकायचा आणि ती रसाबरोबर तो खाली ढकलायची. आज पास्टरांची बायको नंदाबाई तिला हाताला धरून पुढं घेऊन गेली आणि पाहुण्यांच्या मोबाइलसमोर बसवली. गाणी झाली, टाळ्या झाल्या, आणि हौशीराम उभा राहिला.

घरात 'न्हाई' आणि 'हितं' असं बोलणारा हा माणूस साक्षीला उभा राहिला की पुस्तकी व्हायचा. मी एक पापी मनुष्य होतो, अशी सुरुवात. मला बघून सुदुंबऱ्यातली कुत्रीदेखील रस्ता सोडीत, इथं मंडळी हसायची, आजही हसली. मी माझ्या पत्नीला कमरेच्या पट्ट्यानं मारीत असे, इथं मंडळी हळहळायची, आजही हळहळली. पट्टा नव्हता रे, शालन मनात म्हणाली, फॅनबेल्ट होता. हे ती दर वेळी मनात म्हणायची. सतरा वर्षांचा मार त्यानं दोन वाक्यांत बसवला होता, आणि त्यातही हत्यार चुकीचं. मग तो त्या दिवसावर आला. कंपनीतला एक सोबती त्याला पहिल्यांदा प्रार्थनेला घेऊन गेला होता, तिथं तो ढसाढसा रडला, आणि दुपारी घरी जेवायला आला. "माझी पत्नी म्हणाली, कालवण आंबलं आहे, मी टाकून दिलं. एरवी मी तिचा जीव घेतला असता. पण त्या दिवशी माझ्या मुखातून शब्द निघाला, असू दे. बंधुभगिनींनो, प्रभूनं त्या दिवशी मला माझा पहिला उपास घडवला." आमेन, आमेन, असं पत्र्याखाली घुमलं.

कालवण आंबलं नव्हतं. वांग्याचं होतं, ताजं, दोन तासांपूर्वी केलेलं. उंदरांसाठी आणलेल्या औषधाची अख्खी पुडी तिनं त्याच्या वाटीत कालवली होती, वास लपावा म्हणून तिखट जास्त टाकलं होतं आणि वर मूठभर शेंगदाण्याचा कूट. आदल्या दिवशी त्यानं आरतीवर पहिल्यांदा हात उचलला होता. पोरगी तेव्हा सोळाची. शालननं पुडी फोडली तेव्हा तिचा हात बिलकूल कापला नव्हता, चहात साखर टाकावी तशी तिनं ती टाकली. आरतीला शेजारी पाठवलं, ताट वाढून ठेवलं, आणि हा आला. झोकांड्या न खाता आला. डोळे सुजलेले, पण पाय सरळ. पाटावर बसला आणि तिनं ताट उचललं, आणि तेव्हा हात असा कापायला लागला की वाटी ताटात वाजायला लागली. तोंडातून आपोआप निघालं, आंबलंय हे. मागच्या दारी नेऊन तिनं सगळं खड्ड्यात ओतलं, वर राख टाकली, कुत्र्यानं उकरू नये म्हणून धोंडा ठेवला, आणि परत येऊन भिंतीला पाठ लावून डोळे मिटून उभी राहिली. आता पडणार. आणि तो म्हणाला, असू दे. प्रभूनं उपास घडवला म्हणे! त्या दिवसापासून तो देवमाणूस झाला आणि ती जी मनातून खुनी झाली ती तशीच राहिली. हे कुणापाशी बोलायचं? मंडळीत पाप कबूल करायची सोय होती, पण दारूड्यांची, मारकुट्यांची, चोरांची. ज्यांना मार बसला त्यांच्या पापाचं तिथं कुणी कधी विचारलं नाही.

आज मात्र हौशीराम तिथं थांबला नाही. मोबाइलकडं बघत, नवीनच काहीतरी सुचल्यासारखा तो म्हणाला, की मी मारीत असताना माझी पत्नी तोंडातून शब्द काढीत नसे, ती गुडघे टेकून माझ्यासाठी प्रार्थना करीत असे, आणि तिनं मला तेव्हाच क्षमा केली होती. असं म्हणून त्यानं तिच्याकडं हात केला. तो खोटं बोलत होता असंही नाही, त्याच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. मोबाइल तिच्याकडं वळला. मागून कुणीतरी हालेलुया म्हटलं. नंदाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, नेमका तिथं, जिथं फॅनबेल्टचा वळ उठून बरगडीवर कातडी कायमची जाड झाली होती. शालन उभी राहिली. ठरल्याप्रमाणं हात जोडायचे होते. तिचे हात काही जुळले नाहीत.

"मी ह्यांला माफ केल्यालं न्हाई," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला, एवढा मोठा आणि सपाट. "ह्यांनी मला कदी इचारलंच न्हाई. देवाला इचारलं, पास्टरांला इचारलं, तुमा सगळ्यांला गावोगाव सांगितलं. मार मी खाल्ला, आन साक्ष ह्यांची." पाहुण्यानं मोबाइल खाली घेतला. नंदाबाई तिचा पदर ओढून तिला बसवायला बघत होती. पास्टर बाजीराव उठून म्हणाले, आपण प्रार्थना करू या. शालननं हौशीरामकडं पाहिलं. त्याच्या कपाळावरची ती शीर फुगली होती, भुवईपासून केसांत जाणारी, जी नऊ वर्षांत तिनं पाहिली नव्हती. ती ओळखीची शीर बघून तिला धडकी भरली आणि त्याच वेळी, खरं सांगायचं तर, हायसंही वाटलं. होता तर हा आतच. तिनं चपला पायांत सरकवल्या आणि पांढऱ्या कापडाच्या त्या टेबलाला वळसा घालून ती बाहेर पडली.

घरी येऊन तिनं काय करावं? स्वयंपाक केला. हातांना दुसरं काही येत नव्हतं. पावट्याचं कालवण केलं, भाकऱ्या थापल्या, आणि मग पाट्यावरचा वरवंटा धुऊन पुसून मांडीवर घेऊन दाराकडं तोंड करून बसली. ह्या वेळी कोपऱ्यात जायचं नाही, हे तिनं पक्कं ठरवलं होतं. तो आत येईल, हात उचलेल, आणि ती गुडघ्यावर घाव घालेल. खाली पडला की डोकं. ती सगळं नीट क्रमानं बघत होती, कुठं रक्त पडेल, कुठली चादर टाकायची, आरतीला फोन कसा करायचा. हे देवा, मला थांबव, असंही ती मध्येच म्हणाली, पण वरवंटा सोडला नाही. एक वाजला, दोन वाजले. तिला वाटलं, प्यायला गेला असेल. तसं झालं तर बरंच होईल, असंही वाटलं, म्हणजे सगळं सोपं होईल. तीनला हौशीराम आला. प्यालेला नव्हता. तिच्या मांडीवरचा वरवंटा त्यानं पाहिला, आणि दारातच, उंबऱ्याच्या आत, भुईवर बसला.

"मला कायबी आठवत न्हाई, शालन," तो म्हणाला. "खरं सांगतो. प्यालेला असायचो. साक्षीत सांगतो ते मी जुळवून सांगतो. पट्टा म्हनतो. पट्टा व्हता का?"

"फॅनबेल्ट," शालन म्हणाली.

"सांग."

आधी तिला वाटलं हीही त्याची नवीन साक्ष, आता खरा तपशील घालून आणखी चांगली करील. पण तो तिच्याकडं बघत नव्हता, भुईकडं बघत होता, आणि त्याचे ओठ कोरडे पडले होते. मग तिनं सांगितलं. बादलीतलं पाणी सांगितलं. चौकट सांगितली, कानातली शिट्टी सांगितली, करंगळी त्याच्या डोळ्यांसमोर धरली. सतरा वर्षं सांगायला दोन वाक्यं पुरत नाहीत, तिला तास लागला. सांगता सांगता आवाज चढला, शेजारच्या खिडकीत कुणीतरी येऊन गेलं, तिनं पर्वा केली नाही. बाजेखालचे पाढे सांगताना हौशीरामनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती थांबली की तो तेवढं म्हणायचा, "पुढं." रडला नाही, प्रभूचं नाव घेतलं नाही. शेवटी फक्त ते एक राहिलं. ते सांगायची गरज नव्हती. तो काही विचारत नव्हता, त्याला संशयही नव्हता, आणि न सांगता ती जिंकलेलीच होती. पण पोटात इतकं सगळं रिकामं झाल्यावर ते एकटं तिथं राहील, हे तिला सोसवेना.

"आन तुमच्या पैल्या उपासाचं सांगते," ती म्हणाली. "कालवन आंबलं नव्हतं. मी औषध घातलंतं त्याच्यात. उंदराचं. आख्खी पुडी."

हौशीरामनं मान वर केली. ती शीर पुन्हा फुगली. तो उठून उभा राहिला आणि शालननं वरवंटा दोन्ही हातांत घट्ट धरला. एवढा उंच तो तिला कित्येक वर्षांत दिसला नव्हता. त्याच्या मुठी वळल्या होत्या, हे तिनं नीट पाहिलं, अंगठा आत दाबलेल्या मुठी. तो तिच्या अंगावरूनच गेला, मागच्या मोरीत, आणि तिथं त्याला कोरड्या उलट्या होताना तिनं ऐकलं. मग तांब्यामागून तांब्या पाणी डोक्यावर ओतलं गेलं. बाहेर आला तो ओलाच, आणि पुन्हा त्याच जागी उंबऱ्याशी बसला.

"मग वाढलं का न्हाईस?"

देवानं माझा हात धरला, असं ती म्हणू शकली असती. मंडळीनं ते डोक्यावर घेतलं असतं. "भ्याले," ती म्हणाली. "मला वाटलं, मेलात तरी उठून माराल."

हौशीरामच्या केसांतलं पाणी भुईवर ठिबकत होतं. "एवढं भ्या?" त्यानं हळूच विचारलं, आणि ती म्हणाली, एवढं. मग तो म्हणाला, "आता माफ कर म्हनलं तर करशील तू. भिऊन करशील. म्हनून आज म्हनत न्हाई." शालनला एकदम रडू फुटलं. नऊ वर्षांत हा पहिल्यांदा काहीतरी शहाण्यासारखं बोलला होता, आणि ते तिच्याबद्दल होतं, देवाबद्दल किंवा त्याच्या स्वतःबद्दल नव्हतं. ती रडली, नाक पुसलं, वरवंटा पाट्यावर नेऊन ठेवला. पाच वाजत आले होते. सकाळच्या चहावर दोघं होती, प्रभूचा तुकडाही आज दोघांच्या पोटात गेला नव्हता, तोही तिथून उठून बांधाबांधानं भटकत राहिला होता. जेवता का, असं तिनं विचारलं, आणि तो वाढ म्हणाला.

तिनं ताट वाढलं. दोन भाकऱ्या, पावट्याचं कालवण, कांदा. त्याच्यापुढं ठेवलं. हौशीरामनं भाकरी मोडली, तुकडा कालवणात बुडवला आणि तिथंच त्याचा हात थांबला. तो कालवणाकडं बघत होता. मग त्यानं चोरून तिच्याकडं पाहिलं आणि झटकन नजर काढून घेतली. तो भ्याला होता. शालनला ते भय चांगलं ओळखता आलं, सतरा वर्षं ते तिच्याच डोळ्यांत राहिलेलं होतं. आधी तिला बरं वाटलं. भोग, असं वाटलं, जरा बघ कसं असतं. पाणी ठिबकणाऱ्या केसांचा हा म्हातारा होत चाललेला माणूस, भूक लागलेली, घास हातात, आणि बायकोनं केलेलं खायची हिंमत नाही. तो उठलाही नाही आणि खाईनाही. ते बघता बघता तिचं ते बरं वाटणं ओसरलं आणि तिला त्याची दया आली. देवमाणसाची कधी आली नव्हती ती ह्याची आली. ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्याच्या आधी तिनं कधी घास घेतला नव्हता. तिनं त्याच्याच ताटातली भाकरी मोडली, त्याच्याच वाटीत बुडवली आणि तोंडात घातली. हौशीराम तिच्या घशाकडं बघत राहिला. तिनं सावकाश चावलं आणि गिळलं. मग त्यानं हातातला घास खाल्ला.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला.

"मला न्हाई वाटत," शालन म्हणाली, आणि तिनं दुसरा घास मोडला.